आपदा मित्र झालात, पुढं काय? सांगली-साताऱ्याकडच्यांनी अनुभव लिहा

कृष्णेवरच्या आयर्विन पुलावर पुराची इशारा पातळी ४० फूट, धोका पातळी ४५, हे सांगलीत शाळकरी पोरालाही पाठ असतं. पूर आला की आधी पाण्यात उतरतो तो गल्लीतलाच कुणीतरी. पुण्याहून एनडीआरएफची तुकडी येईपर्यंत बरंच काम त्यानं उरकलेलं असतं. अशांना हाताशी धरायला केंद्रानं 'आपदा मित्र' योजना आणली. २०१६ ला ३० जिल्हे, २०२१ पासून ३५० जिल्हे आणि एक लाख स्वयंसेवकांचं उद्दिष्ट. बारा दिवसांचं प्रशिक्षण, किट, ओळखपत्र, विमा. कागदावर झकास. तुमच्या हाती काय लागलं ते लिहा. राजकारण नको, त्याला दुसरे धागे आहेत.

सांगलीवाडीहून
आम्ही होडीवालेच, त्यामुळं पोहायला कुणी शिकवायची गरज नव्हती. कामाचं निघालं ते सीपीआर, म्हणजे छाती दाबून बंद पडलेला श्वास-ठोका चालू करायचा प्रयत्न, आणि बुडणाऱ्याला समोरून न जाता मागून धरायची पद्धत. समोरून गेलात की तो गळ्याला मिठी मारतो, मग दोघंही तळाला. एवढ्यासाठी तरी प्रशिक्षण घ्याच.

रडगाणं आहे ते पेट्रोलचं. २०२१ च्या जुलैत माणसं काढत होतो. प्रवाहाविरुद्ध बोटीचं इंजिन किती पितं ते चालवणाऱ्यालाच ठाऊक. आधी खिशातून भरायचं, मग बिल जोडून अर्ज करायचा. पंपाची पावती भिजून कोरी पांढरी झाली. कार्यालयात म्हणाले, अक्षरं दिसत नाहीत. गेले ते पैसे! पुरात भिजलेला कागद चालत नाही म्हणणाऱ्यांना एकदा होडीत बसवायला पाहिजे.

मिरजेहून
आमच्या बॅचला मुलीही होत्या. गमबूट मात्र सगळे पुरुषी मापाचे, मी आत दोन जोड मोजे घालते. पण ओळखपत्राला नावं ठेवणार नाही. निवारा केंद्रात ते गळ्यात असलं की दारावरचा पोलीस अडवत नाही, आणि समोर बाई दिसली की बायका बोलतात. सॅनिटरी पॅड हवेत, सासऱ्यांच्या शुगरच्या गोळ्या घरातच राहिल्या, सून दिवसांची आहे. पुरुष स्वयंसेवकाला यातलं काहीएक कळलं नसतं.

पलूसहून
८ ऑगस्ट २०१९ ला ब्रह्मनाळला होडी उलटली. लाइफ जॅकेटचं महत्त्व आम्हाला पुस्तकातून शिकवायला नको. गावाच्या गोदामात ती ठेवलीत खरी, पण किल्ली कुणाकडं असते ते आधी विचारून ठेवा.

पाटणहून
तुमच्याकडं नदी येते, आमच्याकडं डोंगर. जुलै २०२१ मध्ये आंबेघर आणि मिरगावला दरडी कोसळल्या तेव्हा वाटाच बंद होत्या. अशा वेळी शेजारच्या वाडीतला माणूसच हाताशी येतो. लाइफ जॅकेट आम्ही काय करू? जाड दोर, डोक्याला बांधायचा टॉर्च, दणकट पहारी, आणि जेसीबीवाल्याच्या डिझेलची हमी द्या. किट पूर डोळ्यासमोर धरूनच ठरवलेलं दिसतं.

कराडहून
महसुलात नोकरी केली, म्हणून लिहितो. राज्य आपत्ती प्रतिसाद निधीच्या निकषांत मृताच्या वारसाला ४ लाख रुपये आहेत, आणि त्यात मदतकार्यात जीव गेलेलाही धरलाय. अपंगत्व ६० टक्क्यांच्या वर गेलं तर अडीच लाख, पण सरकारी डॉक्टरचा दाखला लागतो. आपदा मित्राच्या विम्याशी याची गल्लत करू नका. बुडालेली मजुरी मात्र यात कुठंच बसत नाही, आणि माझ्या मते खरी अडचण तीच आहे. रोजावर जाणारा पोरगा आठवडाभर फुकट राबला तर घरी चूल कशी पेटणार?

सांगलीवाडीहून, पुन्हा
विम्याचं निघालंच म्हणून विचारतो. आमच्या विम्याची मुदत संपलीय. पुढचं विचारलं तर तालुका म्हणतो जिल्ह्याला विचारा, जिल्हा म्हणतो वरून आदेश नाही. कुणाचं नूतनीकरण झालंय का?

कराडहून
तोंडी विचारू नका. जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे अध्यक्ष जिल्हाधिकारीच असतात, अर्ज त्यांच्या नावे करा. बॅचमधल्या सगळ्यांच्या सह्या घ्या, ओळखपत्रांच्या झेरॉक्स जोडा आणि आवक शिक्क्याची पोच घेतल्याशिवाय टेबल सोडू नका.