गीझरचा प्लग तापतो, पण एमसीबी (आपोआप पडणारा सुरक्षा-स्विच) पडत नाही

बी-३०२: गीझर २००० वॅटचा आहे. पाणी तापायला वेळ लागतो आणि प्लगचा चटका बसतो. क्लॅम्प मीटरवर (तारेभोवती चिमटा लावून करंट मोजायचं मीटर) ८ अँपिअर दिसतात. एलिमेंट (पाणी तापवणारी कॉइल) गेलं का?

ए-१०१: ताई, व्होल्टेज कुठे मोजलं? गीझर चालू असतानाचं सांगा. बंद असताना सगळीकडे सारखंच दिसतं.

बी-३०२: इलेक्ट्रिशियन इथेच आहे काका, त्याने चालू ठेवूनच मोजलं. मेन स्विचला २२६, त्याच बोर्डावरच्या शेजारच्या सॉकेटला २२४, गीझरच्या टर्मिनलला २१२.

ए-१०१: एवढं पुरेसं आहे. एलिमेंटचा रोध २१२ ÷ ८ = २६.५ ओहम. पाटीवर २३० व्होल्टला २००० वॅट असेल तर रोध यायला हवा २३० × २३० ÷ २००० = २६.४५. एलिमेंट ठणठणीत आहे. त्याला मिळतात मात्र २१२ × ८ = १६९६ वॅटच, म्हणून पाणी उशिरा तापतं.

सी-४०४: म्हणजे उरलेले ३०० वॅट प्लगमध्ये जळतात??

ए-१०१: नाही हो. व्होल्टेज उतरलं की करंटही उतरतो, त्यामुळे मुळात ओढलेच कमी जातात. प्लगमधले वॅट तिथल्या फरकावरून काढायचे: २२४ − २१२ = १२ व्होल्ट, गुणिले ८ = ९६ वॅट. रोध १२ ÷ ८ = दीड ओहम. मुठीएवढ्या जागेत ९६ वॅट, चटका बसणारच.

डी-२०३: वायर बारीक असेल तर?

ए-१०१: मेनपासून बोर्डापर्यंत २ व्होल्टच पडतायत, म्हणजे पाव ओहम. अडीच चौरस मिलिमीटर तांब्याच्या तारेचा रोध १०० मीटरला साधारण पाऊण ओहम. फेज-न्यूट्रल मिळून तीसेक मीटर धरली की हिशेब जुळतो. भिंत फोडू नका. मेन बंद करून सॉकेट आणि प्लग दोन्ही १६ अँपिअरचे नवे घाला, काळं पडलेलं तारेचं टोक चकचकीत तांबं दिसेपर्यंत कापा. नुसते स्क्रू आवळून भागत नाही. काळ्या थराने रोध वाढतो, रोधाने उष्णता, उष्णतेने थर आणखी.

सी-४०४: मग एमसीबी का पडला नाही?

ए-१०१: तो जास्त करंटला पडतो. इथे ८.७ च्या जागी ८ च आहे!

ई-५०१: माझ्या क्लॅम्प मीटरवर शून्य येतं.

डी-२०३: अख्खी केबल पकडली असेल दादा. जाणारा-येणारा करंट एकमेकांना खोडतो. फक्त फेजची तार पकडायची. आणि मल्टीमीटरची लाल वायर १० अँपिअरच्या भोकात ठेवून व्होल्टेज मोजू नका, थेट शॉर्ट होतो. ओहम मोजायचे तर प्लग काढूनच, आणि पाणी गार असताना. थर्मोस्टॅट (पाणी तापलं की एलिमेंट बंद करणारा स्विच) कट असेल तर मीटर ‘ओपन’, म्हणजे सर्किट तुटलेलं, दाखवतो, लोक चांगलं एलिमेंट बदलतात.

ई-५०१: फ्रिजचेही वॅट असेच काढू?

ए-१०१: नको. मोटरला व्होल्ट × अँपिअर म्हणजे व्हीए (व्होल्ट-अँपिअर), खरे वॅट त्याहून कमी. बाकी सगळं बंद करून विजेच्या मीटरचा लुकलुकणारा दिवा बघा. मीटरवर ३२०० इम्पल्स प्रति युनिट लिहिलं असेल तर वॅट = ३६,००,००० ÷ (३२०० × दोन लुकलुकींमधले सेकंद). सव्वासहा सेकंद आले तर १८० वॅट. कॉम्प्रेसर चालू असतानाच मोजा.