मिनिट रिपीटर: भाग मशीन कापतं, मग कारागिराचा हात लागतो कुठे?

जनतावाला

आजोबांची एचएमटी जनता मी रोज वापरतो. मागचं झाकण उघडून बसलो की तासभर सहज जातो. मेन स्प्रिंग, चाकं, पॅलेट, बॅलन्स, एवढं डोक्यात बसलंय. पण गेल्या महिन्यात कामानिमित्त जिनिव्हाला गेलो, पाटेक फिलिप या घड्याळ कंपनीच्या संग्रहालयात अर्धा दिवस काढला आणि एक गोष्ट मनातून जात नाही: मिनिट रिपीटर. केसच्या कडेची पट्टी सरकवायची, की घड्याळ आधी तास, मग पाव-पाव तास, मग उरलेली मिनिटं टोल्यांनी सांगतं. 12:59 ला बारा टोले, टिंग-टाँगच्या तीन जोड्या आणि वर चौदा टोले.

माझा प्रश्न असा की आता हे भाग संगणकावर चालणारी यंत्रं मायक्रॉनच्या हिशोबात कापतात. मग घड्याळजीचा हात नक्की कुठे लागतो? घड्याळ हाताळलेल्या माणसाकडून ऐकायचंय.

मिरजेचा घड्याळजी

अडतीस वर्षं खुर्चीवर बसलो. एवढ्या काळात रिपीटर एकदाच उघडायला मिळाला, एका संस्थानी घराण्यातलं खिशातलं घड्याळ. पहिले दोन दिवस हत्यार हातात घेतलं नाही, डोळ्याला आयग्लास लावून नुसतं बघत होतो.

आधी ते वेळ वाचतं कसं, ते सांगतो. मिनिटाच्या काट्याखाली शंखासारखी वळत गेलेली चकती असते. तिला चार पाकळ्या, प्रत्येक पाकळीला चौदा पायऱ्या. पाव तासाची चकती वेगळी, तिला चार पायऱ्या. तासाचीही वेगळी, तिला बारा. तुम्ही पट्टी ओढता तेव्हा टोल्यांची स्वतंत्र स्प्रिंग भरली जाते आणि तीन दातेरी पट्ट्या आपापल्या चकतीवर बोट टेकवतात. बोट जितकं खोल पडेल तितके दात पुढे येतात आणि तितकेच टोले पडतात. केसच्या कडेची पट्टी अर्धवट ओढली तर एकही टोला पडत नाही. चुकीची वेळ सांगण्यापेक्षा गप्प बसायचं, अशी रचनाच आहे. मला ती फार आवडते.

आता एक वाजायच्या क्षणाचा विचार करा. तासाची चकती एकवर उडी मारते, पण मिनिटाचं बोट अजून 59 च्या खोल पायरीत पडू शकतं. म्हणजे एक वाजता घड्याळ 1:59 सांगणार. हे टाळायला चकतीखाली एक पातळ तुकडा असतो, त्याचं नावच सरप्राइज. तासाच्या क्षणी तो पुढे सरकतो आणि बोटाला वरच अडवतो. हे सगळे भाग यंत्र उत्तम कापतं, त्याबद्दल वाद नाही.

हात लागतो तो पुढे. टोले पडतात ते गाँगवर, म्हणजे घड्याळाच्या आतल्या मशीनभोवती वळवलेल्या पोलादी तारेवर. ब्रेगे या घड्याळजीनं 1783 मध्ये घंटेऐवजी ही तार आणली. तारेचं एक टोक पक्कं, दुसरं मोकळं. मोकळ्या टोकाकडे कानस लावली तर सूर चढतो, बुडाशी लावली तर उतरतो. माझ्या दुकानाशेजारी पेटी दुरुस्त करणारे एक गृहस्थ बसायचे. त्यांना हे सांगितलं तर म्हणाले, "अहो, आमच्या रीडचं तेच की!" खरंच तेच आहे. फरक एवढाच की रीड बिघडलं तर दुसरं बसवता येतं.

माझ्याकडे आलेल्या घड्याळाच्या एका गाँगला आधी कुणीतरी कानस लावली होती. दोन्ही सूर इतके जवळ आले होते की पाव तासाच्या जोडीत टिंग कुठलं आणि टाँग कुठलं, कळेना. घासलेलं पोलाद परत येत नाही. मी वाळलेलं तेल काढलं, साफ केलं, गाँगला हात न लावता परत दिलं. आजही वाईट वाटतं.

हातोडीचंही तसंच. ठोका देऊन ती लगेच मागे हटली पाहिजे. केसाएवढी जास्त टेकली तरी आवाज बसतो. हे अंतर आकड्यानं ठरत नाही, कानानं ठरतं. पाटेकमधून बाहेर पडणारा प्रत्येक मिनिट रिपीटर आजही कंपनीचे अध्यक्ष थिएरी स्टर्न स्वतः ऐकतात, ते त्यासाठीच.

जुराच्या पायथ्याशी

काकांनी कानाचं सांगितलं, मी डोळ्याचं सांगतो. लोझानला नऊ वर्षं राहतोय, व्हाले द जू तासाभरावर आहे. साधारण 1000 मीटर उंचीवरचं खोरं, हिवाळा संपता संपत नाही. पूर्वी बर्फाच्या महिन्यांत तिथले शेतकरी घरात बसून घड्याळाचे भाग करत.

मशीनच्या ब्रिजच्या, म्हणजे चाकं धरून ठेवणाऱ्या पट्ट्यांच्या, कडा 45 अंशांत तासून चकचकीत करतात. दोन कडा जिथे आत वळून मिळतात तो कोपरा नीट बघा. फिरणारं कटर तिथे गोलाई सोडतंच. टोकदार कोपरा हवा तर कानसच हवी, आणि मग जेन्शियन या डोंगरी झाडाच्या वाळलेल्या काडीनं पॉलिश. ल सोलिया गावातले फिलिप द्युफूर या कामासाठी ओळखले जातात. 1992 मध्ये त्यांनी ग्रांद सोनरी, म्हणजे तास आणि पाव तास आपोआप वाजवणारी यंत्रणा, मनगटी घड्याळात आणली. रिपीटरचा फोटो बघाल तेव्हा आधी तो आतला कोपरा शोधा.

जनतावाला

काका, दादा, काल रात्री हेडफोन लावून रेकॉर्डिंगं ऐकत बसलो. 12:14 ला बारा टोले पडले आणि मग काही क्षण शांतता. वाटलं, अडकलं. मग मिनिटं सुरू झाली. 12:59 ला मात्र असा खोळंबा नव्हता. हा दोष म्हणायचा का?

मिरजेचा घड्याळजी

दोष नाही. 12:14 ला पाव तास शून्य आहेत, पण यंत्रणा पाव तासाच्या जागेवरून जातेच. तिथे हातोडी उचलायला दात नसतो, म्हणून शांतता. हल्ली काही कारखान्यांनी ही मोकळी जागा काढून टाकली आहे. मला विचाराल तर ती असावी. शांत खोलीत त्या वेळी कान लावलात तर आतल्या गव्हर्नरची, म्हणजे टोल्यांचा वेग सारखा ठेवणाऱ्या भागाची, हलकी घरघर ऐकू येईल. जुन्या घड्याळांत ती मोठी असते. माझ्याकडच्या घड्याळात मधमाशीएवढी होती.