मदत हवी आहे: सिस्टरवर हात उचलला, पण ठाण्यात नुसती एनसी

जळगाव-धुळे-नंदुरबारकडच्या सिस्टर, ब्रदर आणि वकील मंडळींनो, मार्गदर्शन करा. रात्रपाळीत नातेवाइकाने सिस्टरला मारलं तरी बऱ्याचदा एनसीवर (अदखलपात्र गुन्ह्याच्या नोंदीवर) भागवतात. वास्तविक दवाखान्यातल्या कर्मचाऱ्यांवरचे हल्ले रोखणाऱ्या महाराष्ट्राच्या २०१० च्या कायद्यात परिचारिकाही येतात. गुन्हा दखलपात्र, अजामीनपात्र, शिक्षा ३ वर्षांपर्यंत. पण तक्रारीत ‘वाद झाला’ एवढंच लिहिलं तर तो कायदा लागणार कसा? वेळ, वॉर्ड, हातातलं काम (सलाइन लावताना मनगट पिरगाळलं, असं स्पष्ट), साक्षीदार, लगेच केलेली एमएलसी (दुखापतीची वैद्यकीय-कायदेशीर नोंद), सगळं लागतं. सीसीटीव्हीचं जुनं रेकॉर्डिंग आपोआप पुसलं जातं, म्हणून कॉपी त्याच दिवशी मागायची.

अडतंय ते इथे: खाजगी दवाखान्याचं व्यवस्थापन सही द्यायला कचरत असेल, तर सिस्टरने एकटीने दिलेल्या तक्रारीत हा कायदा कसा लावून घ्यायचा? कुणाकडे एफआयआर झालेल्या तक्रारीचा मसुदा असेल तर नावं झाकून टाका, प्लीज.