घरातली कर्करोगकारक रसायनं: यादी बघायची की मात्रा?

जलतरंग:
आयएआरसी, म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग-संशोधन संस्था, एखादा पदार्थ गट १ मध्ये टाकते तेव्हा पुरावा पक्का असतो. मग तो घरात ठेवायचाच कशाला? नॉनस्टिक भांड्यांशी जोडलं गेलेलं पीएफओए हे रसायन २०२३ मध्ये गट १ मध्ये गेलं. नॉनस्टिक भांडी काढून टाका. त्याच वर्षी अ‍ॅस्पार्टेम, म्हणजे साखरेऐवजी वापरलं जाणारं कृत्रिम गोडवाद्रव्य, २बी मध्ये, म्हणजे ‘कर्करोगकारक असू शकेल’ अशा गटात आलं. तेही बंद करा.

निषाद:
इथे गल्लत होते आहे. गट सांगतो पुरावा किती भक्कम, धोका किती मोठा ते नाही. तंबाखू आणि ऊन, दोन्ही गट १ मध्येच आहेत. अ‍ॅस्पार्टेमची रोजची मर्यादा वजनाच्या किलोमागे ४० मिग्रॅ, म्हणजे ६० किलोच्या माणसाला २४०० मिग्रॅ. डाएट शीतपेयाच्या एका डब्यात २०० ते ३०० मिग्रॅ धरलं तर रोज ८ ते १२ डबे झाले.

पीएफओए हे नॉनस्टिक थर बनवताना लागायचं, तयार भांड्यात ते जेमतेम उरतं. खरी चूक वापरात होते. रिकामं भांडं मोठ्या आचेवर काही मिनिटांत २६० अंशांपलीकडे जातं आणि थर खराब व्हायला लागतो. आच मध्यम ठेवा, आधी तेल किंवा जिन्नस घाला.

जलतरंग:
मर्यादा एकेका पदार्थाची असते हो. माणूस एकाच दिवशी धूर, सॉल्व्हंट, नव्या फर्निचरचा वास असं सगळं श्वासात घेतो. त्याची बेरीज कोण करतं? म्हणून जे सहज टाळता येतं ते टाळावंच, यावर मी ठाम आहे.

कडीकोयंडा:
बेरजेचा मुद्दा मला पटतो, पण मग सुरुवात हवेपासून करा, डब्यांपासून नको. पार्टिकल बोर्डाच्या, म्हणजे लाकडाचा चुरा डिंकाने दाबून केलेल्या फळीच्या, डिंकातून फॉर्मल्डिहाइड हा वायू निघतो, तोही गट १. लॅमिनेट लावलेल्या बाजूने तो फारसा येत नाही. येतो तो कच्च्या कडांतून, कपाटाच्या उघड्या पाठीतून आणि बिजागरीसाठी पाडलेल्या भोकांतून. कडांना एज बँड, म्हणजे कड झाकणारी पट्टी, लावा, उरलेल्या जागी लॅकरचे दोन हात द्या. उष्णता आणि दमटपणा वाढला की उत्सर्जन वाढतं, त्यामुळे नवं कपाट बंद खोलीत कोंडून ठेवणं सर्वांत वाईट. सुगंधी फवारा मारून वास झाकता येतो, वायू तिथेच राहतो.

निषाद:
हवेबद्दल सहमत. आणि रोजची हवा म्हणजे स्वयंपाकघर. कडक तापलेल्या तेलात तळताना निघणारा धूर गट २ए मध्ये, म्हणजे ‘बहुधा कर्करोगकारक’ गटात आहे. एक्झॉस्ट पंखा धूर दिसल्यावर लावून उपयोग नाही; आच पेटवण्याआधी लावा, बंद केल्यावर दहा-पंधरा मिनिटं चालू ठेवा. मागचा बर्नर वापरा, हूडखाली धूर जास्त पकडला जातो. नळी बाहेर न काढलेली चिमणी चिकटपणा आणि थोडा वास धरते, ज्वलनाचे वायू खोलीतच परत सोडते.

जलतरंग:
एवढं सगळं करूनही चिमणी ओढते की नाही हे कळणार कसं?

कडीकोयंडा:
टिश्यूचा एक पदर जाळीला लावून हात काढा. चिकटून राहिला तर ओढ आहे. पडला तर समोरची खिडकी चार बोटं उघडून पुन्हा लावा. आता टिकला तर पंखा ठीक आहे, आत यायला हवाच नव्हती. तरीही पडला तर जाळी तुपकट झाली असेल किंवा नळीची झडप अडकली असेल. आधी जाळी गरम साबणाच्या पाण्यात भिजवा.