भिशी आधी, स्टॉल नंतर

ताई, सुगंधी मेणबत्त्या भिशीत विकू की प्रदर्शनात स्टॉल घेऊ, असं तुम्ही विचारलंय. मी दादरची, चार वर्षं हेच करतेय. माझं ऐकाल तर आधी भिशी आणि हळदीकुंकू. तिथे बायका निवांत बसतात, वास घेतात, मोकळेपणाने भाव विचारतात. मी गेल्या गेल्या इलेक्ट्रिक बर्नरवर मोगऱ्याच्या मेणाचा एक तुकडा ठेवते. चहा होईपर्यंत खोली दरवळते, मग फार बोलावं लागत नाही. संक्रांतीच्या वाणाच्या ऑर्डरी मात्र डिसेंबरातच घ्या.

स्टॉलवर गर्दी असते, पण तीन-चार वासांनंतर गिऱ्हाइकाचं नाक बधिर होतं. पाचच बरण्या उघड्या ठेवा. आणि मे महिन्यात माल बंद गाडीत ठेवू नका हो! सोया मेण साधारण ४५ ते ५५ अंशांत वितळतं. पार्ल्याला पोचेपर्यंत माझी अख्खी पेटी लिबलिबीत झाली होती, झाकणं मेणाने चिकटलेली. फार जीव तुटला.

कुठल्या कंपनीची एजंट होणार असाल, तर नोंदणीचे पैसे अजिबात भरू नका. २०२१ च्या डायरेक्ट सेलिंग नियमांनुसार तशी फी घेता येत नाही.