पुढे स्पोर्टी, मागे साधे: पावसाळ्यात ही जोडी लावू नका

घाटवाट:
माझी ऑक्टाविया आरएस २४५ आहे, २०२० साली भारतात आलेल्या २०० गाड्यांपैकी एक. २४५ पीएस ताकद आणि ३७० एनएम टॉर्क, सगळं पुढच्या दोन चाकांवर. साहजिकच पुढचे टायर आधी गोटा झाले. गेल्या जूनमध्ये दुकानदार म्हणाला, "साहेब, मागचे वर्षभर चालतील, पुढेच दोन टाका." पटलं. पुढे मिशलिनचे नवे स्पोर्टी टायर, पायलट स्पोर्ट ४, बसवले. मागे दुसऱ्या कंपनीचे साधे, आरामासाठीचे टायर होते, निम्मे झिजलेले.

जुलैत ताम्हिणीतून माणगावकडे उतरत होतो. पाऊस बेताचा, वेग पन्नासच्या आत. उजव्या वळणावर डोंगरातून आलेलं पाणी रस्ता ओलांडत होतं. समोरून एसटी आली म्हणून ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलला. पुढची चाकं वळवली तिकडे गेली, पण मागची बाजू डावीकडे निघाली. ईएसपीचा, म्हणजे घसरती गाडी सावरणाऱ्या यंत्रणेचा, दिवा लुकलुकत होता, मी स्टिअरिंग उलट फिरवत होतो, आणि मागचं डावं चाक साइडपट्टीच्या चिखलात रुतून गाडी थांबली. मागच्या सीटवर आई होती. तिने विचारलं, "दगड लागला का रे?" मला उत्तर देता येईना.

त्या दिवसापासून माझं मत पक्कं आहे. दोन जातींचे टायर पुढे-मागे लावू नयेत. आणि फरक असलाच, तर चांगली जोडी मागे हवी.

कोल्हापुरी टर्बो:
वाचून वाईट वाटलं. आई बऱ्या आहेत ना? निष्कर्ष मात्र पटत नाही. गाडी ओढतात पुढची चाकं, वळवतात पुढची, आणि ब्रेकचा जास्त भारही पुढेच. मग चांगला टायर पुढे नको? कुत्रं आडवं आलं तर मला गाडी थांबायला हवी. शिवाय पुढचं चाक पाणी सारून वाट करतं, मागचं त्याच वाटेने येतं. मी अकरा वर्षं असाच चालवतोय, काही झालं नाही. चार टायर एकदम म्हणजे पन्नास हजारांच्या पुढे, सगळ्यांना झेपत नाही.

घाटवाट:
आई बरी आहे, धन्यवाद. दादा, सरळ रस्त्यावर तुमचं म्हणणं बरोबर आहे. पण वळणावर मागचं चाक पुढच्याच्या रेषेत येत नाही, आतून येतं. तिथे त्याला पाणी स्वतःच कापावं लागतं.

पुढची पकड सुटली की गाडी सरळ जायला लागते आणि आपण घाबरून पाय उचलतो. वजन पुढे येतं, पकड परत मिळते. म्हणजे घाबरून केलेली गोष्टच कामाला येते. मागची पकड सुटते तेव्हा नेमकं उलटं होतं: पाय उचलला की मागचं वजन आणखी कमी होतं आणि गाडी आणखी फिरते. उतारावर तर मागची चाकं आधीच हलकी झालेली असतात. त्यात पुढचे टायर इतके चिकटत होते की स्टिअरिंगमधून मला काहीच कळलं नाही. ईएसपीसुद्धा टायरमार्फतच काम करतं, टायर पाण्यावर तरंगत असेल तर ते तरी काय करणार?

रॅलीवेडा:
मग मॉन्टे कार्लो रॅलीचं काय? बर्फ आणि कोरडा रस्ता एकाच स्टेजमध्ये येणार असेल, तर तिथे एकाच गाडीला खिळ्यांचे आणि बिनखिळ्यांचे टायर लावतात. पोर्शे ९११ या स्पोर्ट्स कारला तर कारखान्यातूनच पुढे-मागे वेगळे टायर येतात. मिश्रण मुळातच वाईट असतं असं नाही.

घाटवाट:
मॉन्टे कार्लोत ते टायर तिरपे लावतात: पुढे डावा खिळ्यांचा तर मागे उजवा. कारण तेच, कुठलीही एक बाजू पूर्ण कमजोर राहू नये. त्यांच्या पुढे आधी जाऊन बर्फाची नोंद घेणारी माणसं असतात आणि समोरून एसटी येत नाही. ९११ च्या मापात फरक असतो, पण टायर एकाच जातीचे असतात, आणि रुंद जोडी मागेच असते.

टायरवाला नगर:
अठरा वर्षं या धंद्यात आहे म्हणून बोलतो. नवे पुढे टाका असं गिऱ्हाईकच सांगतं, आणि आमच्यातले बरेच जण वाद नको म्हणून टाकून देतात. हे चुकतं. मिशलिनसारखी कंपनीसुद्धा सांगते की दोनच घ्यायचे तर नवे मागे.

टर्बोभाऊंचा पैशाचा मुद्दा खरा आहे. त्याला माझ्याकडे एकच उत्तर आहे: दर ८-१० हजार किलोमीटरला पुढचे मागे, मागचे पुढे करा. चारही सारखे झिजतात आणि एकदमच बदलायला येतात. बाणाची खूण असलेले टायर त्याच बाजूला ठेवा, म्हणजे डावे डावीकडे, उजवे उजवीकडे. नव्या टायरची खाच ७-८ मिमी खोल असते, कायद्याने १.६ पर्यंत चालते, पण पावसाळ्यात ३ च्या खाली गेलेला टायर मी माझ्या गाडीला ठेवत नाही.

कोल्हापुरी टर्बो:
दोन जाती नकोत, हे मान्य. पण एकाच जातीचे असतील आणि फरक २ मिमीचा असेल, तर नवे मी पुढेच टाकणार. थांबण्याचं अंतर मला जास्त महत्त्वाचं वाटतं.

तुमचं वाचून आत्ता टॉर्च घेऊन खाली जाऊन आलो. मागच्या दोन्ही टायरवर ४८१९ लिहिलंय. खाच मात्र चांगली दिसतेय.

टायरवाला नगर:
२०१९ चा ४८ वा आठवडा. इतक्या जुन्या टायरची नुसती खाच बघू नका, रबर कडक होतं. बाजूला बारीक चिरा आहेत का बघा आणि नख दाबून बघा.

कोल्हापुरी टर्बो:
परत जाऊन आलो. पुढच्यात नख रुततं. मागच्यात नाही.