महाबोधी मंदिर पाहिलेल्यांनो, अनुभव लिहा

बोधगयेला जाऊन आलेल्यांनी इथं लिहावं. इतिहास पुस्तकात सापडतो, तुमचं काय झालं ते सांगा. सुरुवात मी करते. गाभाऱ्यात रांग पुढं सरकवतात, मूर्तीपुढं धड उभंही राहता येत नाही. पण मागं पश्चिमेला पिंपळाखाली बसलं की कुणी उठवत नाही. मी तिथंच रमले.

नागपूर
आईला घेऊन गेले होते. ती पांढऱ्या साडीत. पिंपळाजवळ श्रीलंकेचे उपासक बसलेले, तेही सगळे पांढऱ्यात. त्यांनी त्रिशरण-पंचशील सुरू केलं आणि आईनं सरळ आवाज मिसळला. आमच्या विहारात म्हणतो तीच पाली, चाल तेवढी वेगळी. 'पाणातिपाता वेरमणी'ला दोन-तीन बायकांनी वळून पाहिलं आणि सरकून तिला जागा दिली. वंदना संपल्यावर एकीनं तिच्या हातात कमळ ठेवलं. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती, तरी बराच वेळ बोलत बसल्या. काय बोलल्या, ते आई अजून सांगत नाही!

सातारा
वडिलांच्या श्राद्धाला गयेला गेलो होतो. रिक्षावाला म्हणाला, बोधगया जवळच आहे, चला. नुकतंच क्षौर झालेलं, अंगावर उपरणं. दारात एका परदेशी बाईंनी मला भिक्खू समजून हात जोडले. मीही जोडले, काय करणार? आत तिबेटी लामा लाकडी फळ्यांवर दंडवत घालत होते. उठायचं, पुन्हा आडवं व्हायचं. त्यातल्या एक आजी माझ्या आईपेक्षा थोर असाव्यात. पितृपक्षात जाणार असाल तर राहायची सोय आधी करा, गया तुडुंब भरते.

पुणे
बाहेर कुणी म्हणेल, झाड अडीच हजार वर्षांचं आहे. नाही. जुना पिंपळ १८७६ मध्ये कोसळला, त्याच्या वंशातलं रोप १८८१ मध्ये ब्रिटिश पुरातत्त्वज्ञ कनिंगहॅम यांनी लावलं. अशोकाचं बांधकाम इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकातलं, पण आजचं सुमारे ५० मीटर उंच विटांचं मंदिर पाचव्या-सहाव्या शतकातलं, तेही एकोणिसाव्या शतकात बरंचसं डागडुजी केलेलं. मला शिखरापेक्षा जुन्या दगडी कठड्यावरची कमळं आवडली.

नाशिक
मला नाही आवडलं. प्रत्येक देशाच्या जथ्याचा आपापला ध्वनिक्षेपक. ध्यान कसलं लागतंय?

अकोला
नाशिककर, पहाटे पाचला दार उघडतं तेव्हा जा. डिसेंबर-जानेवारीत धुक्यानं गाड्या रखडतात, परतीच्या तिकिटाला एक दिवस हाताशी ठेवा. मोबाइल आत नेऊ देत नाहीत, २०१३ च्या स्फोटांनंतर तपासणी कडक आहे. उन्हाळ्यात फरशी तापते, जाड मोजे घाला. पिंपळाचं पान तोडायचं नाही, पडलेलं घ्या. मात्र वारा सुटला की चार देशांचे लोक एकाच पानावर झेपावतात.